तुकड्या नकोत, पाठ वेगळे हवेत

शाळा उघडायच्या सुमाराला बडोद्यातल्या मराठी घरांत प्रवेशाची आणि तुकड्यांची चर्चा दरवर्षी होते. यंदा तिने चांगलाच पेट घेतला आहे. तिसरीपासून गुणांप्रमाणे तुकड्या पाडा, हुशार मुलं ‘अ’मध्ये आणि मागे पडणारी ‘क’मध्ये घाला, म्हणजे दोघांचंही भलं होईल, असं पालकांचा एक गट हिरिरीने मांडतो आहे. २०१९च्या कायदा-दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत मुलांना पुन्हा नापास करण्याची मुभा राज्यांना मिळाली, तेव्हापासून या मागणीला धार आली. दुसरा गट म्हणतो, इतक्या लहान वयात शिक्का मारू नका. सगळ्यांना एकत्र ठेवा, गाणी-गोष्टी घ्या, शिक्षण आनंददायी करा. तळमळ दोन्हीकडे आहे. पण दोन्ही बाजूंचं बोलणं मुलं कुठे बसतात एवढ्याभोवतीच फिरतं. बसल्यावर त्यांच्यापुढे काय ठेवलं जातं, हे कुणी विचारत नाही. माझं मत सुरुवातीलाच सांगते. प्राथमिक शाळेत गुणांवर तुकड्या पाडणं चूक आहे, आणि चाळीस मुलांना एकाच दिवशी एकाच वेगाने एकच पान शिकवत राहणंही तितकंच चूक आहे. मुलं एकत्र बसावीत. ज्याचं जिथे अडलं आहे तिथपासून त्याला हातात वस्तू देऊन काम मिळावं. आणि हे गट महिना-दीड महिन्याने तपासून मोडावेत.

हे हवेत राहू नये म्हणून तिसरीतली एक वजाबाकी घेऊ. बेचाळीसातून सतरा. हे गणित फळ्यावर मांडलं की वर्गातली काही मुलं हमखास ३५ लिहितात. त्यावर लाल फुली पडते आणि ‘हातचा घ्यायला विसरलास’ असं ऐकावं लागतं. खरं तर ते मूल काहीच विसरलेलं नसतं. दोनातून सात जात नाहीत हे त्याला दिसतं, म्हणून ते सातातून दोन काढतं, मग चारातून एक. ‘मोठ्यातून लहान वजा करायचं’ हा नियम त्याने इमानाने पाळलेला असतो. हातच्याचा नियम त्याच्याकडून दहा वेळा लिहून घेतला तरी काही फरक पडणार नाही, कारण ४२ मधला ४ म्हणजे चार दहा, हेच त्याच्या मनात अजून ठरलेलं नाही. अशीच एक मुलगी मी काड्यांचे गठ्ठे घेऊन बसलेली पाहिली. दहा-दहा काड्यांना रबरबँड लावलेले चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या तिच्यापुढे होत्या. सतरा काड्या शेजारणीला द्यायच्या होत्या. तिने एक गठ्ठा दिला, दोन्ही सुट्या दिल्या आणि थांबली. अजून पाच द्यायच्या होत्या. दुसरा गठ्ठा हातात धरून तिने विचारलं, ‘‘टीचर, हा सोडू?’’ शिक्षिका ‘‘सोड ना’’ म्हणाल्या. तिने रबरबँड काढला, पाच काड्या मोजून दिल्या आणि आपल्यापुढे उरलेलं पाहिलं: दोन गठ्ठे, पाच सुट्या. मग आपणहून वहीतलं ३५ खोडलं.

त्याच वेळी शेजारच्या गटातली मुलं काड्यांऐवजी वहीत गठ्ठ्यांची चित्रं काढून तीच वजाबाकी करत होती. तिसऱ्या गटापुढे ४०२ मधून १५७ होते. तिथे दशकाच्या घरात शून्य असल्यामुळे शंभराचा गठ्ठा आधी दहांच्या गठ्ठ्यांत मोडावा लागतो, आणि चांगल्या चांगल्या मुलांची त्यात गाडी अडते. दोघातिघांना उलटं काम दिलं होतं: उत्तर २५ येईल आणि हातचा घ्यावाच लागेल अशी शाब्दिक उदाहरणं तयार करा. वर्ग एक, धडा एक, कामं चार. ही मुलं चार तुकड्यांत वाटली असती, तर ३५ लिहिणारी मुलगी ‘क’मध्ये गेली असती आणि तिथेही कदाचित फळ्यावर हातच्याचा नियमच लिहिलेला असता. बडोद्यातल्या मराठी मुलाच्या वाट्याला तर आणखी एक अडचण येते. घरी ‘बेचाळीस’, दुकानात गुजराती ‘बेतालीस’, शाळेत ‘फॉर्टी टू’. पहिल्या दोहोंत एकक आधी ऐकू येतो, तिसऱ्यात दशक. असं मूल ऐकून २४ लिहून मोकळं होतं आणि आपण त्याला गणितात कच्चं ठरवतो.

एका वयाची मुलं, एक इयत्ता, एक पुस्तक ही व्यवस्था आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की ती पूर्वापार चालत आली असावी असं वाटतं. पण पंतोजींच्या शाळेत आजच्यासारख्या इयत्ता नव्हत्या. एक मुलगा धूळपाटीवर अक्षर गिरवतो आहे, दुसरा पावकी-निमकी म्हणतो आहे, तिसरा मोडी कागद लावतो आहे. पंतोजी एकेकाचा पाठ घेत, आणि मोठी मुलं धाकट्यांकडून उजळणी करवून घेत. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासला अँड्र्यू बेल या स्कॉटिश पाद्र्याने इथली मुलं वाळूत अक्षरं गिरवताना पाहिली, मुलांनीच मुलांना शिकवायची रीत आपल्या शाळेत सुरू केली आणि पुढे तीच इंग्लंडमध्ये ‘मद्रास पद्धत’ म्हणून पसरली. पंतोजींची शाळा परत आणा, असं मी म्हणत नाही. तिथे छडी होती, अर्थ न कळता केलेली घोकंपट्टी होती, मुली नव्हत्या, आणि ज्या जातींना अक्षरच नाकारलेलं होतं त्यांच्या मुलांना ओसरीवरही जागा नव्हती. पण ज्याला त्याला त्याचा पाठ, ही कल्पना ज्यांना परदेशी खूळ वाटते त्यांनी आपल्या पणजोबांची शाळा आठवावी.

मग मिश्र कुवतीचे मोठे वर्ग आले कुठून? ते आले एका मोठ्या यशातून, आणि त्या यशात आपल्या शहराचा वाटा फार मोठा आहे. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानात नेला. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं तेव्हा त्यांच्यापुढे बडोद्याचा दाखला होता. १९१२ मध्ये ते विधेयक फेटाळलं गेलं. एवढा पैसा कुठून आणणार, हा तेव्हाही मोठा आक्षेप होता. सगळ्यांना शाळेत आणायचं ठरवलं की सगळ्या तऱ्हेची मुलं येणार, हे उघड आहे. कुणाच्या घरी पुस्तकांची कपाटं, कुणाच्या घरी आई-वडील दोघंही मकरपुऱ्याच्या कारखान्यात पाळीवर. ज्या दिवशी आपण शिक्षण सक्तीचं केलं त्याच दिवशी मिश्र वर्ग पत्करला. तुकड्या पाडायची मागणी म्हणजे त्या सक्तीने शाळेत आणलेल्या मुलांना शाळेच्या आत पुन्हा दाराबाहेर बसवणं आहे.

आता समोरच्या बाजूचं सगळ्यात भक्कम म्हणणं. मागे पडलेल्या मुलांना वेगळं काढून शिकवल्याने फायदा होतो, याचा जगभर सांगितला जाणारा पुरावा आपल्याच शहरातला आहे. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि बडोद्याच्या महापालिका शाळांत ‘प्रथम’ संस्थेच्या बालसखी उपक्रमाची शास्त्रीय तपासणी झाली. करणाऱ्यांमध्ये अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो होते; २०१९चं अर्थशास्त्राचं नोबेल ज्या तिघांना मिळालं त्यांतले हे दोघं. तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं रोज दोन तास वर्गातून वेगळी काढायची आणि वस्तीतल्याच एका तरुणीने त्यांना वाचन-गणिताचा पाया शिकवायचा, असा तो उपक्रम होता. मुलांची प्रगती स्पष्ट दिसली आणि ती सर्वांत तळाच्या मुलांमध्ये जास्त होती. म्हणजे वेगळं काढणं चाललं की, असं कुणी म्हटलं तर ते खोटं नाही.

पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट तुकडीवाले सांगत नाहीत. ही मुलं दोन तास बाहेर गेल्यावर मूळ वर्गात गर्दी कमी झाली आणि कच्ची मुलंही उरली नाहीत. ‘अ’ तुकडीच्या कल्पनेतला आदर्श वर्गच तो. तिथे राहिलेल्या मुलांना काय मिळालं? मोजता येण्याजोगं काहीच नाही. शिक्षक तेच आणि तेच पान चालू राहिलं, म्हणून मुलंही होती तिथेच राहिली. बडोद्यात झालेला दुसरा प्रयोग तर अधिक बोलका आहे. चौथीच्या मुलांना आठवड्यात दोन तास संगणकावर गणिताचे खेळ दिले, दोन मुलांत एक संगणक. मूल जसं सोडवेल तशी गणितं सोपी किंवा अवघड होत जात. तिथे कुणालाही वेगळं काढलं नव्हतं, आणि गणितातली प्रगती बालसखीहूनही जास्त झाली. उपक्रम संपल्यावर वर्षभरात दोन्हीकडचा फायदा बराचसा ओसरला, हेही नोंदवलं पाहिजे. मुलं पुन्हा त्याच एका पानाच्या वर्गात परतली, तर दुसरं काय व्हायचं?

केनियातला एक अभ्यासही तुकड्यांच्या बाजूने दाखवला जातो. तिथे पहिलीच्या वर्गाचे गुणांप्रमाणे दोन भाग केले आणि वरच्या व खालच्या, दोन्ही भागांतली मुलं पुढे गेली. मी तो निष्कर्ष मान्य करते. पण तो देणाऱ्यांनीच कारण दिलं आहे की समोर साधारण एका पातळीची मुलं आल्यामुळे शिक्षकांना आपलं शिकवणं त्या पातळीला आणता आलं. किल्ली पातळीला शिकवण्यात आहे, आणि ती कायमचा शिक्का न मारताही हाती येते. हरियाणात २०१२-१३ मध्ये सरकारी शिक्षकांनीच रोज एक तास इयत्ता बाजूला ठेवली, वाचनाच्या पातळीप्रमाणे मुलांना बसवलं आणि बाकीचा दिवस नेहमीच्या वर्गात घालवला. मुलांचं वाचन सुधारलं. तो तास वेळापत्रकात लिहिलेला होता आणि वरिष्ठ अधिकारी स्वतः येऊन पाहत होते. बिहार-उत्तराखंडमध्ये नुसतं प्रशिक्षण आणि साहित्य देऊन शाळेच्या नेहमीच्या दिवसात बदल केला नाही, तिथे फारसं काही घडलं नाही.

एक तासाचा गट आणि वर्षभराची तुकडी यांत फरक काय, असं मला विचारतात. गट वाचनाचा असतो किंवा वजाबाकीचा, मुलाचा नसतो. वाचनात चाचपडणारा मुलगा नाणी मोजण्यात, पतंगाचा कागद बेतून कापण्यात पुढे असू शकतो. तुकडी असं काही पाहत नाही. ती एकूण गुणांवर ठरते आणि एकदा ठरली की शिक्षक, पालक, शेजारी आणि शेवटी मूल स्वतः तिच्यावर विश्वास ठेवू लागतं. आपल्या शाळांत ‘क’ तुकडीत कोण जाईल, हे मला यादी न पाहता सांगता येईल. ज्यांची घरची भाषा शाळेच्या भाषेहून दूर आहे ती मुलं, ज्यांना शिकवणी परवडत नाही ती, आणि ज्यांचे डोळे किंवा कान कुणी तपासलेच नाहीत ती.

आनंददायी शिक्षणाच्या बाजूलाही मला तितकंच परखडपणे बोलायचं आहे, कारण तिच्या हेतूवर माझा विश्वास आहे. हाताने करायचं शिक्षण म्हणजे थर्माकोलचा ज्वालामुखी नव्हे. तो आई रात्री बारापर्यंत जागून करते आणि मूल सकाळी शाळेत पोचवतं. वस्तू हातात दिली म्हणजे शिकणं झालं, असंही नाही. काड्या मोजून झाल्यावर ‘आता वहीत हेच कसं लिहिशील?’ हा प्रश्न आला नाही, तर काड्या हे नुसतं खेळणं राहतं. शिवाय डोळ्यांनी शिकणारी, कानांनी शिकणारी आणि हातांनी शिकणारी अशी मुलांची वाटणी सांगणाऱ्या कार्यशाळा हल्ली फार होतात. २००८ मध्ये अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी या विषयावरचं उपलब्ध संशोधन तपासलं, तेव्हा अशा वाटणीप्रमाणे शिकवल्याने फायदा होतो याला पुरेसा आधार त्यांना सापडला नाही. मुलांच्या प्रकारांत मला रस नाही. त्यांना आत्ता काय येतं आणि कुठे अडतं, एवढंच शिक्षकाला कळायला हवं, आणि ते दहा मिनिटांच्या तोंडी चाचणीत कळतं.

‘आमच्या हुशार मुलाचं काय?’ या प्रश्नाकडे स्वार्थी म्हणून पाहू नये. मिश्र वर्गात हुशार मुलाचे हाल होतात हे खरं आहे. पाच मिनिटांत काम उरकून तो खिडकीबाहेर पाहतो, नाहीतर बाकीच्यांना शिकवायला त्याला जुंपलं जातं. दुसऱ्याला समजावताना आपलंही पक्कं होतं, म्हणून थोडं शिकवावं, रोज नाही. पण ही तक्रार मुळात सर्वांना एकच काम देण्याबद्दलची आहे. ४०२ मधून १५७ किंवा उलटी उदाहरणं त्याला त्याच वर्गात देता येतात. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिराची परंपरा आपल्यातल्या कित्येक घरांना ठाऊक आहे. प्रोफेसर माणिकरावांची सांघिक कवायत प्रसिद्ध होती: शेकडो जण, एक आज्ञा, एक हालचाल. पण मुद्गलांची जोडी फिरवायची वेळ आली की कुठल्याही आखाड्यात ज्याच्या त्याच्या ताकदीप्रमाणेच वजन मिळतं. दुबळ्याला कुणी बाहेर काढत नाही आणि तगड्याला हलक्या जोडीवर अडकवून ठेवत नाही. शाळेतही कविता, गोष्ट, गाणं, परिसरातल्या गप्पा सगळ्यांनी मिळून कराव्यात. वाचन आणि गणिताचा पाया मात्र पेलेल तेवढ्या वजनाने घडवावा.

सर्वांत अवघड आक्षेप शिक्षकांचा आहे आणि तो मी पूर्ण मान्य करते. शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक वर्गाला तीस मुलांमागे एक शिक्षक ठरवला, तरी अनेक खाजगी वर्गांत पन्नास मुलं बसतात. सरकारी शिक्षकांच्या मागे मतदार याद्या, जनगणना आणि ऑनलाइन माहिती भरायची कामं आहेत. गुजरातने २०१० पासून ‘प्रज्ञा’ उपक्रमात पहिली-दुसरीसाठी पायरीपायरीने शिकायची शिडी, कार्डं आणि गट यांची तयार व्यवस्था आणली. कार्डं होती तरी तयारीला वेळ नसेल तर ती ट्रेमध्येच राहतात, हे ज्यांनी ते वर्ग जवळून पाहिले त्यांना ठाऊक आहे. म्हणून ‘प्रत्येक मुलासाठी वेगळा पाठ’ अशी घोषणा मला नको वाटते. चाळीस मुलांचे चाळीस पाठ कुणालाच जमणार नाहीत. तीन पातळ्या जमतात, रोज एक तास जमतो, आणि तेच गठ्ठे वर्षानुवर्षं वापरता येतात. साहित्याच्या खर्चाचं म्हणाल, तर ताराबाई मोडकांनी ते उत्तर कधीच देऊन ठेवलं आहे. मुंबईच्या ताराबाई भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर काम करून परतल्या आणि १९४५ मध्ये बोर्डीला, पुढे कोसबाडला, अनुताई वाघांना बरोबर घेऊन आदिवासी मुलांसाठी झटल्या. माँटेसरीचं महागडं साहित्य तिथे परवडणारं नव्हतं. त्यांनी शिंपले, बिया, खडे, पानं घेतली. आज आपल्या शाळा लाखो रुपयांचे स्मार्ट बोर्ड लावतात, आणि त्या बोर्डावरही एका वेळी सर्वांसाठी एकच पान दिसतं.

या पद्धतीत एक धोका खराच आहे आणि त्याकडे दुर्लक्ष केलं तर ती तुकडीपेक्षाही घातक ठरेल. सोपं काम मिळालेलं मूल वर्षभर सोप्याच कामावर राहू शकतं. ते शांत बसतं, पान भरतं, कुणाची तक्रार नाही. अशाने वर्गातल्या वर्गात एक अदृश्य ‘क’ तुकडी तयार होते. म्हणून ध्येय सर्वांचं एकच असलं पाहिजे: तिसरी संपेपर्यंत प्रत्येकाला समजून वाचता यावं आणि हातच्याची वजाबाकी यावी. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ मोहिमेचं ध्येय साधारण हेच आहे. काड्यांवरून चित्रांवर आणि चित्रांवरून आकड्यांवर मूल कधी जाणार, याची तारीख शिक्षकाच्या वहीत हवी. ‘शेवटी परीक्षा तर सगळ्यांना एकच असते’ असं म्हणणाऱ्यांना माझं उत्तर हेच: परीक्षा एकच असते म्हणूनच वाट वेगवेगळी लागते. २०२४ च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी ४८.८ टक्के मुलांनाच दुसरीचा मजकूर वाचता आला. उरलेली निम्म्याहून अधिक मुलं एकाच पानाच्या वर्गातूनच पाचवीपर्यंत पोचली आहेत. त्यांना आता नापास केलं तर ती तेच पान आणखी एक वर्ष पाहतील.

तेव्हा पुढच्या पालकसभेत ‘माझा मुलगा कुठल्या तुकडीत?’ हा प्रश्न बाजूला ठेवू या. वाचनाची तोंडी चाचणी शेवटची कधी घेतली, या महिन्यात किती मुलांचा गट बदलला, गणिताच्या तासाला मुलांच्या हातात काय होतं, हे विचारू या. शिक्षकांना तयारीसाठी आठवड्यात एक मोकळा तास द्या, अशी मागणी व्यवस्थापनाकडे पालकांनीच केली पाहिजे. शिक्षकांनी केली तर ती कामचुकारपणा म्हणून उडवली जाते. आणि दांडिया बाजार-रावपुऱ्यातल्या आपल्या मंडळांना मला एक सुचवायचं आहे. बालसखी होण्यासाठी बी.एड. लागलं नव्हतं. दहावीपर्यंत शिकलेल्या, वस्तीतल्याच तरुणी होत्या त्या, आणि त्यांना सुरुवातीला साधारण दोन आठवड्यांचं प्रशिक्षण दिलं होतं. आपल्याकडे निवृत्त शिक्षिका आहेत, महाविद्यालयात जाणाऱ्या मुली आहेत. गणेशोत्सवाच्या वर्गणीतून दोन शाळांना रोज एक तास माणूस देणं कुठल्याही मंडळाला जमेल. शाळांच्या मुख्याध्यापकांशी बोलून ठेवा. गट पाडायला आणि गठ्ठे बांधायला जुलैचा महिना पुरेल.